पॅडलवर जोर दिला की 'कट्'! दुरुस्त करूनही परत येणाऱ्या कुरकुरीचा माग

आवाज येतो म्हणून सायकल दुरुस्तीला टाकली, परत आणली, पंधरा दिवस सुखात गेले आणि सोळाव्या दिवशी पहिल्याच चढावर खालून पुन्हा 'कट्'. माझ्या बाबतीत एका वर्षात हे तीनदा झालं. तिन्ही वेळा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पॅडलच्या मधला, फ्रेमच्या तळातला बेअरिंगचा जोड, खोलला गेला, तिसऱ्यांदा तर नवाच बसवला. दोष शेवटी सापडला तो तिथून हातभर वर, सीटपोस्टमध्ये, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्यात. म्हणजे वर्षभर चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

मग प्रत्येक वेळी पंधरा दिवस आवाज जायचा कसा? उत्तर कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. बॉटम ब्रॅकेट खोलायचा म्हणजे सायकल स्टँडला लटकवायची. स्टँडच्या जबड्याने फ्रेमची नळी दबू नये म्हणून सीटपोस्ट वर ओढून तोच जबड्यात धरायचा. काम झालं की पोस्ट फडक्याने पुसून परत खाली बसवायचा. त्या पुसण्यानेच आवाज जायचा! श्रेय मात्र मिळायचं नव्या ग्रीसला आणि नव्या बेअरिंगला.

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. 'दुरुस्त केलं तरी परत येतं' अशी कुरकुर असलेल्या बहुतेक सायकलींची गोष्ट अशीच असते. एका वेळी चार गोष्टी हलवल्या जातात, आवाज जातो, आणि कशाने गेला ते कुणालाच कळत नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यात पान्यांची आणि ग्रीसची पाळी उशिरा येते. आधी ऐकायचं काम आहे.

आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांच्या शब्दांची चंगळ आहे, ती इथे कामाला येते. 'सायकल आवाज करते' एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. 'चूं-चूं' असेल तर चेन कोरडी आहे किंवा मागच्या डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) छोटी चाकं कोरडी आहेत, थेंबभर चेन ऑइलने विषय संपतो. 'खरखर' असेल आणि ती हाताने चाक किंवा क्रँक (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) फिरवतानाही बोटांना जाणवत असेल, तर छर्ऱ्यांत माती गेली आहे किंवा त्यांची बसायची जागा झिजली आहे. 'खडखड' खड्ड्यातून जाताना येते, पॅडल मारत नसतानाही येते. ती मडगार्डची, बाटलीच्या पिंजऱ्याची, नाहीतर सीटखालच्या पिशवीतल्या पान्यांची. 'स्स, स्स' असं ठरावीक अंतराने येत असेल तर ब्रेक घासतोय, चाक आऊट आहे.

आपला विषय यातला एकही नाही. आपला विषय 'कट्', 'टक्' आणि 'करकर'. हाताने क्रँक फिरवली तर सगळं शांत, स्टँडवर लटकवून गिअर बदलून पाहिले तरी शांत, आणि माणूस वर बसून जोर लावायला लागला की सुरू. त्यामुळेच ही कुरकुर छळते. दुरुस्ती करणाऱ्यासमोर सायकल एकदम गुणी बाळ होते.

याचं कारण साधं आहे. दोन धातूचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. मधलं ग्रीस वाळलं किंवा बारीक धूळ शिरली की ते एकमेकांना चिकटून राहतात. पॅडलवर जोर आला की ताण साठत जातो, आणि एका क्षणी ते केसाच्याही अंशाने घसरतात. ती घसर म्हणजे 'कट्'. दार करकरतं ते असंच, आणि व्हायोलिनची तार वाजते तीही याच चिकटण्या-घसरण्याने. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. नट ढिला असेल तर कसल्यावर आवाज जाईल, पण कसलेलाच जोड कोरडा असेल तर आणखी पिळून काही होत नाही, उलट आटे जातात. 'अजून थोडं टाइट कर' या सल्ल्याने जितके बोल्ट मोडलेत तितके गंजानेही मोडले नसतील, असं माझं मत आहे.

आणि आवाजाची दिशा? तिच्यावर बिलकूल भरवसा ठेवू नका. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या एकमेकींना जोडलेल्या. एका टोकाला टिचकी मारा, दुसऱ्या टोकाला ऐकू येते. सीटपोस्टचा आवाज सीटखालच्या उभ्या नळीतून, म्हणजे सीट ट्यूबमधून, सरळ खाली उतरतो आणि बॉटम ब्रॅकेटच्या पोकळीत घुमतो. कान शपथेवर सांगतो की खालून येतोय. हँडलचा आवाजही खालच्या नळीतून तिथेच जातो. त्यामुळे बॉटम ब्रॅकेट हा सायकलवरचा सर्वात बदनाम भाग आहे.

ताल मोजा

दिशा फसवते, ताल फसवत नाही. सपाट, शांत रस्ता पकडा, एकाच गिअरमध्ये राहा आणि मोजा.

क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदाच, आणि दर वेळी पाय त्याच जागी असताना आवाज आला, तर संशयित त्या बाजूचं पॅडल, ती क्रँक किंवा चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट. फेरीत दोनदा, म्हणजे उजवा पाय खाली जाताना एकदा आणि डावा जाताना एकदा, तर दोन्ही पायांचा जोर जिथे पोचतो ती जागा: बॉटम ब्रॅकेट, सीट, सीटपोस्ट, हँडल. सीट का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण बसून पॅडल मारताना आपण प्रत्येक पायागणिक सीटवर किंचित डावी-उजवीकडे झुलतो. पोस्टवर दर फेरीला दोनदा तो बाक येतो.

चेनमधली एखादी कडी आखडलेली असेल तर ताल विचित्र येतो, आणि त्यामुळेच ती लगेच सापडते. समजा पुढे ४४ दात्यांची चेनरिंग आहे आणि चेन ११० कड्यांची. क्रँकच्या एका फेरीत ४४ कड्या पुढे जातात, म्हणजे तीच कडी दर अडीच फेऱ्यांनी परत येणार. आवाज कधी उजवा पाय वर असताना, कधी खाली असताना येतोय असं वाटलं की चेन बघा. उलटं पॅडल हळूहळू फिरवून मागच्या डिरेलरजवळ नजर ठेवली की आखडलेली कडी उडी मारताना दिसते. ती दोन्ही हातांनी आडवी वाकवून मोकळी करता येते.

चाकाचा ताल याहून जलद. पुढे ४४ आणि मागे १६ असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाक पावणेतीन फेऱ्या मारतं. इतक्या भराभर 'टिक टिक' येत असेल आणि पॅडल थांबवलं तरी चालूच असेल, तर चाकात बघा: ढिला स्पोक, टायरमध्ये अडकलेला खडा, व्हॉल्व्हची सैल चकती. (पॅडल थांबवल्यावर मागून येणारी फ्रीव्हीलची टिकटिक यात धरू नका. ती यायलाच हवी. नव्याने सायकल घेतलेल्या एकाने मला ती 'बिघाड' म्हणून ऐकवली होती, आणि 'अरे, ती तशीच असते' हे त्याला पटवायला बराच वेळ लागला.)

आमची पंचायत

हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा आमच्या टोळक्याने एका थांब्यावर माझी सायकल मधोमध उभी करून पंचायत बसवली. (आमच्या बोलण्यात 'बीबी' म्हणजे बॉटम ब्रॅकेट.)

"बीबी गेलाय. डोळे झाकून सांगतो."

"अरे, बीबी मागच्याच महिन्यात नवीन टाकलाय."

"मग बसवताना चुकलं असणार."

दुसऱ्याचं म्हणणं पॅडल. तिसरा, जो कुठल्याही प्रश्नावर चाकं बदलायला सांगतो, त्याने चाकं बदलायला सांगितली. चौथ्याने खाली वाकून क्रँक हलवली, "प्ले नाहीये," म्हणजे सैल हलत नाही, असं जाहीर केलं आणि तरीही बीबीच्याच बाजूने मत दिलं. आमच्यातले सर्वात वडीलधारे काका, ज्यांची काळी रोडस्टर आमच्या सगळ्यांच्या सायकलींपेक्षा वयाने मोठी आहे, ते बाजूला बसून फडक्याने आपली चेन पुसत होते. मान वर न करताच म्हणाले, "उभा राहून चालवून बघितलीस का रे?"

"नाही, काका."

"मग बघ की. इथे खाली बसून ती काय बोलणार आहे?"

मी सीटवरून उठून, उभ्याने पॅडल मारत दोनशे मीटर गेलो. शांत. बसलो, कट्. उठलो, शांत. बसलो, कट्. तीन वेळा केलेल्या दुरुस्तीने जे सांगितलं नाही ते दोन मिनिटांत कळलं. परत आलो तेव्हा काकांनी फक्त एक भुवई वर केली.

तर चाचण्या या क्रमाने करा, आणि एक झाल्याशिवाय दुसरी नको.

बसून आणि उभ्याने, दोन्ही प्रकारे चालवा. उभ्याने आवाज गेला तर सीट, सीटचे रेल (सीटखालच्या दोन सळ्या) किंवा सीटपोस्ट. उभ्यानेही आला, किंबहुना वाढला, तर खालची मंडळी किंवा हँडल. मग हँडलवरचा भार काढा, म्हणजे बोटं नुसती टेकवून, पोटाच्या जोरावर पॅडल मारा. आवाज कमी झाला तर हँडल, स्टेम (हँडलला धरणारा आडवा तुकडा) किंवा हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग). मग रिकाम्या, गाड्या नसलेल्या रस्त्यावर एकाच पायाने पॅडल मारून बघा. उजव्याने येतो, डाव्याने नाही, तर अर्धी सायकल संशयातून मुक्त झाली. शेवटी उभी चाचणी: सायकलच्या बाजूला उभे राहा, दोन्ही ब्रेक दाबा, क्रँक आडवी ठेवून पॅडलवर पायाने दाब द्या आणि सोडा. इथे आवाज निघाला तर भाग्य समजा, कारण आता मित्राला वाकून कान लावता येईल आणि एकेका जोडावर बोट ठेवता येईल. तो 'कट्' बोटाला जाणवतो, कानापेक्षा नेमका.

सीटपोस्ट

सीटपोस्ट काढण्याआधी उंचीवर चिकटपट्टीची खूण करा. हे न केल्याने गुडघे दुखवून घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्यांतला एक मीच.

पोस्ट बाहेर काढा, पुसा. सीट ट्यूबच्या आत फडकं घालून दोन-तीनदा फिरवा. पहिलं फडकं काळंकुट्ट निघतं. पोस्टला वरून आवळणारी क्लॅम्पची कडी आतून बाहेरून पुसा, कारण कित्येकदा आवाज पोस्टचा नसून कडी आणि फ्रेमच्या मधल्या वाळूचा असतो. फ्रेम आणि पोस्ट दोन्ही धातूचे असतील तर ग्रीसचा पातळ थर लावा. लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पोस्ट असेल तर ग्रीस फक्त आवाजासाठी नाही. ग्रीस नसलं तर ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना खातात आणि पोस्ट असा जाम होतो की मग करवतच लागते. दोघांपैकी एक जरी कार्बनचा असेल तर ग्रीस नको. त्यासाठी बारीक कणांची वेगळी पेस्ट मिळते, तिने पकड वाढते आणि कमी कसूनही पोस्ट घसरत नाही.

इथे आणखी एक गोम आहे, ती मला शेवटी कळली. पोस्टवर त्याचा व्यास कोरलेला असतो, सर्वात जास्त दिसणारा २७.२ मिलिमीटर. २७.२ च्या नळीत २७ चा पोस्टही बसतो, कडी कसली की घट्टही वाटतो. पण तो फक्त वरच्या कडेला धरलेला असतो, खाली आत झुलत राहतो. अशा पोस्टला ग्रीस लावलं की आठवडा-दोन आठवडे शांतता, मग पुन्हा कुरकुर. पोस्ट वारंवार बोलत असेल तर तो आकडा वाचा आणि फ्रेमचा माप-तक्ता बघा. पोस्ट निदान किती आत हवा हे दाखवणारी त्यावरची खूण बाहेर दिसत असेल तर मात्र आवाजाची चर्चाच सोडा, आधी पोस्ट खाली घ्या किंवा लांब पोस्ट आणा.

सीटचे रेल जिथे क्लॅम्पमध्ये धरलेले असतात तिथेही हाच प्रकार: खोला, पुसा, अगदी नाममात्र ग्रीस, समान कसा. रेल सीटच्या बुडात जिथे शिरतात तिथे एकेक थेंब तेल. सीटच्या मागे-पुढे आणि कोनाचीही आधी खूण करा.

माझ्या सायकलीला एवढंच लागलं. साफसफाई, ग्रीस, आणि कडीखाली अडकलेला एक वाळूचा कण.

पॅडल आणि क्रँक

उभ्यानेही आवाज येत असेल तर आधी पॅडल, कारण ते काढायला सगळ्यात सोपं. पंधराचा पाना किंवा क्रँकच्या मागून ॲलन की (षटकोनी किल्ली). उजव्या पॅडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची युक्ती: पाना क्रँकवर उभा ठेवा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा, दोन्ही बाजूंना पॅडल सुटतं. उलटे आटे उगाच नाहीत. पाय गोल फिरतो तसा पॅडलचा दांडा क्रँकच्या भोकात सूक्ष्म घरंगळतो, आणि दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असत्या तर डावं पॅडल हळूहळू बाहेर आलं असतं. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता, आणि १९०० मध्ये त्यांनी न सुटणाऱ्या पॅडलची जाहिरात केली होती, ती याच युक्तीवर.

काढलेल्या पॅडलचे आटे ब्रशने घासा, क्रँकमधलेही. ग्रीस लावा, सुरुवात हाताच्या बोटांनी करा. चार-पाच वळसे बोटांनी सहज गेले नाहीत तर आटे वाकडे बसतायत, थांबा. शेवटचा जोर साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १८ ते २० किलो वजन टांगल्यासारखा. आटे चांगले असतील तर पॅडलची कुरकुर इथेच थांबते. थांबली नाही तर मित्राची पॅडल एका दिवसापुरती मागून घ्या. ही सर्वात स्वस्त चाचणी आहे आणि सर्वात कमी लोक करतात.

क्रँकचं जरा जपून. चौकोनी दांड्यावर बसणारी क्रँक असेल तर मधला बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचा असतो, निर्मात्याचा आकडा बघून. नवी क्रँक बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासा. पण दर आठवड्याला 'जरा अजून' करत बसू नका, क्रँक त्या उतरत्या दांड्यावर वर वर चढत जाते आणि भोक फाकतं. याउलट ढिल्या क्रँकवर 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणून चालवलं तर कठीण पोलाद मऊ अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल करून टाकतं. मग ती कितीही कसा, परत ढिली होणारच. 'दर पंधरा दिवसांनी डावी क्रँक सैल होते' अशा तक्रारीचं उत्तर नवी क्रँक एवढंच आहे.

काकांच्या रोडस्टरसारखी कॉटर-पिनची क्रँक असेल तर गंमत वेगळी. क्रँक मधल्या दांड्याला धरून ठेवणारी ही पिन पाचरीसारखी असते. 'टक्' येतो तो पाय वरच्या टोकाकडून खाली यायला लागतो तेव्हा, कारण क्रँकवरचा जोर तिथे दिशा बदलतो. ढिली पिन नटाने ओढून बसवायची नसते, त्याने नटाचे आटे जातात. क्रँकखाली भक्कम टेकू देऊन हातोडीने पिन ठोकायची आणि मग नट नुसता बेताने कसायचा. टेकू दिला नाही तर तो सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो. दोन्ही पिना उलटसुलट दिशांनी घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पॅडल मारताना पाय लंगडल्यासारखा वाटतो.

चेनरिंगचे बोल्ट: एक एक काढा, पुसा, ग्रीस, परत. सगळे एकदम काढू नका. मागचा नट सोबत फिरत राहतो, त्याला खाचेतून अडकवून धरावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पाचांतला एक तरी ढिला निघतोच.

बॉटम ब्रॅकेट, शेवटी

इथवर येऊनही आवाज असेल तर आता त्याच्याकडे वळा. पॅडल न धरता, क्रँकचं टोक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. (पॅडल धरलंत तर त्याचाच प्ले जाणवेल आणि फसाल.) दोन्ही क्रँक एकदम हलत असतील तर बॉटम ब्रॅकेट ढिला किंवा झिजलेला, एकच हलत असेल तर ती क्रँक ढिली.

आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तर बेअरिंग चांगलं असूनही कप (बेअरिंगची बाहेरची वाटी) आणि फ्रेमचे आटे कोरडे पडून करकरतात. नवीन बेअरिंग आणण्याआधी काढून, साफ करून, ग्रीस लावून बघा. खोलताना लक्षात ठेवा की सर्वात प्रचलित, इंग्लिश मापात उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. पॅडलमध्ये डावं उलटं, इथे उजवा कप उलटा. याने गोंधळला नाहीत तर तुम्ही जन्मजात कारागीर आहात. इटालियन मापात दोन्ही बाजू सरळ. कपावर लिहिलेलं वाचा, मगच जोर लावा.

आट्यांशिवाय, दाबून बसवलेले म्हणजे प्रेसफिट ब्रॅकेट या बाबतीत जास्त हट्टी. तिथे फ्रेमच्या भोकाचं माप किंचित जरी इकडेतिकडे असलं तर कप सूक्ष्म हलत राहतो. कित्येक निर्माते पुन्हा आट्यांकडे वळले त्याचं एक कारण ही कुरकुर. हे काम घरी हातोडीने करू नका.

हँडल आणि चाकं

उभ्याने चढ चढताना आपण हँडल डावी-उजवीकडे ओढतो, आणि 'करकर' पुढून येते. स्टेमची पुढची झाकणी काढा, हँडल आणि झाकणी दोन्ही पुसा, चारही बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे करत समान कसा. बहुतेकांवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. दहा सेंटीमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला पाच किलो, इतका कमी जोर. हेडसेट तपासायचा तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या टोकाशी बोट ठेवा. ठकठक जाणवली तर आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सोडा, मग वरचा बोल्ट किंचित फिरवा, मग बाजूचे परत कसा. उलट क्रमाने केलं तर वरचा बोल्ट कितीही पिळा, उपयोग शून्य.

चाकांत दोनच जागा. अॅक्सल फ्रेमला जिथे टेकतो तिथे पुसून ग्रीसचा हात फिरवा; क्विक रिलीज (चाक पान्याशिवाय सोडणारा खटका) बंद करताना तळहातावर दांड्याचा वळ उठायला हवा. आणि स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे थेंबभर तेल. नवीन बांधलेलं चाक पहिल्या फेरीला 'टिंग टिंग' करतं ते स्पोकचा पीळ सुटल्याने, तेवढं चालेल. पुन्हा पुन्हा करत असेल तर ताण सारखा नाही.

फालतू कारणं, ज्यांनी लोकांचे महिने खाल्ले

पुढच्या डिरेलरच्या केबलचं सुटलेलं टोक, जे दर फेरीला क्रँकला टिचकी मारतं. बुटाच्या नाडीचं प्लास्टिकचं टोक. क्लीटचे (बूट पॅडलला अडकवणाऱ्या पट्टीचे) ढिले स्क्रू. बाटलीच्या पिंजऱ्याचा वरचा बोल्ट. खिशातल्या किल्ल्या. आमच्यातल्या एकाने क्रँक, पॅडल, चेन असं सगळं बदललं आणि शेवटी जिन्यात कळलं की तो आवाज त्याच्या उजव्या गुडघ्याचा होता.

आता स्प्रेबद्दल. आवाज आला की डब्ल्यूडी-४० चा फवारा सगळीकडे मारायची सवय सोडा. ते वाईट आहे म्हणून नाही. १९५३ मध्ये ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं, नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला मसाला. गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम. पण जोडात घुसून ते आतलं ग्रीस पातळ करतं, दोन दिवस आवाज बंद करतं, आणि मग उरतो आधीपेक्षा कोरडा जोड. शिवाय सगळीकडे मारल्याने कुठला जोड बोलत होता तो पुरावाच जातो. डिस्क ब्रेकच्या आसपास मारलंत तर ब्रेकही गेला. पावसात भिजल्यावर आवाज गायब होऊन वाळल्यावर परत आला, तर तोही याच जातीचा संकेत आहे: जोड कोरडा आहे, पाण्याने तात्पुरता भिजला होता. जोराच्या फवाऱ्याने सायकल धुणाऱ्यांकडे याचं नेमकं उलटं होतं, धुतल्यानंतर चार दिवसांनी कुरकुर सुरू.

एका वेळी एकच जोड खोला, आणि त्यानंतर किमान पन्नास किलोमीटर दुसरं काहीही हलवू नका. वहीत तारीख आणि काय केलं ते लिहा. मी वही ठेवली असती तर तिन्ही नोंदींमध्ये 'सीटपोस्ट वर ओढला' हे सारखं दिसलं असतं.

सगळं करून झालं, आणि 'कट्' तसाच आहे, किंवा दिवसेंदिवस वाढतोय? मग सायकल स्वच्छ धुऊन उजेडात घ्या आणि रंगावर केसासारखी रेष शोधा. बॉटम ब्रॅकेटभोवतीचे जोड, मागच्या आडव्या नळ्या, सीट ट्यूबचं वरचं टोक, हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) खालची बाजू, आणि क्रँकमध्ये पॅडलच्या भोकाजवळ. रेषेवरून नख फिरवा. नख अडखळलं, किंवा रेषेतून गंज झिरपलेला दिसला, तर तो ओरखडा नाही, तडा आहे. लोखंड बहुधा सावकाश फाटतं, अॅल्युमिनियम फार वेळ देत नाही. अशी रेष दिसली की 'उद्या दाखवू, आज एक फेरी मारून घेतो' नाही. तिथूनच खाली उतरायचं आणि सायकल हाताने ढकलत न्यायची.